टाइमशेअर मेंबरशिप: कुठला रंग घ्यायचा आणि दरवर्षी किती भरायचे

मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर नाव-नंबर लिहून एक कूपन डब्यात टाकलेलं असतं. आठवड्याभरात फोन येतो: "सर, अभिनंदन! तुम्हाला दोन रात्री-तीन दिवसांचं हॉलिडे व्हाउचर लागलंय. फक्त येताना मॅडमना घेऊन या." मॅडमना का? कारण नंतर "घरी विचारून सांगतो" म्हणून उठायची सोय राहू नये. नवरा-बायको दोघं समोर बसलेली असली की सही त्याच संध्याकाळी होते, हे विकणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

विक्रीच्या सादरीकरणाच्या त्या हॉलमध्ये जाण्याआधी हा लेख वाचा. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क अनेक वर्षांसाठी आधीच विकत घेणं, हे चांगलं की वाईट या वादात मला पडायचं नाही. मेंबरशिप पुरेपूर वापरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि वर्षानुवर्षं नुसतं वार्षिक शुल्क भरून कुठेच न जाणारीही पाहिली आहेत. दोघांत पैशाचा फरक फारसा नसतो. पहिल्यांनी घेतलेला दर्जा, म्हणजे सीझनचा रंग आणि खोलीचा आकार, त्यांच्या सुट्ट्यांना जुळला, दुसऱ्यांचा जुळला नाही, एवढंच.

आधी हे कळू द्या: विकत काय मिळतंय

सुट्टीच्या घरातला वाटा विकायची कल्पना १९६०च्या दशकात युरोपात निघाली. स्वित्झर्लंडची हापिमाग ही कंपनी १९६३ची. एका रिसॉर्टमधला आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घ्यायचा, हे अदलाबदलीचं जाळं आरसीआयने १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. आपल्याकडे स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ मध्ये आली आणि महिंद्रा हॉलिडेज, म्हणजे क्लब महिंद्रा, १९९६ मध्ये.

भारतात जे विकलं जातं तो बहुतेक वेळा वापराचा हक्क असतो. इतकी वर्षं, वर्षाला इतक्या रात्री, अमुक आकाराची खोली. समोरचा माणूस "सर, तुम्ही ओनर होताय" म्हणेल. ऐकून घ्या, पण सातबाऱ्यावर किंवा इंडेक्स टूवर तुमचं नाव कुठेही लागत नाही. मुदत संपली की हातात काही उरत नाही. जागेसारखी किंमत वाढेल, पुढे विकून पैसे मोकळे करू, असं मनात असेल तर ते इथेच सोडून द्या.

किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली सीझन. क्लब महिंद्राच्या पंचवीस वर्षांच्या मेंबरशिपमध्ये चार रंग आहेत: पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू. पर्पल म्हणजे सर्वांत गर्दीचे दिवस आणि ब्लू म्हणजे सर्वांत रिकामे. पर्पलवाला चारही रंगांत जाऊ शकतो, रेडवाला रेड आणि त्याखालच्या दोन्हींत, व्हाइटवाला व्हाइट आणि ब्लूमध्ये, ब्लूवाला फक्त ब्लूमध्ये. म्हणजे आपल्या रंगावरून खाली जाता येतं, वर नाही. दुसरी गोष्ट खोलीचा आकार: स्टुडिओ, एक बेडरूम, दोन बेडरूम. तिसरी, किती वर्षं आणि वर्षाला किती रात्री. पंचवीस वर्षं नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी कमी मुदतीच्या आणि पॉइंटवर चालणाऱ्या (रात्रींऐवजी पॉइंट मिळतात, ते खर्चून खोली घ्यायची) योजनाही आता निघाल्या आहेत. नावं वेगळी, पण हिशेबाची रीत तीच.

रंग वरचा घेतला म्हणून खोली अधिक चांगली मिळत नाही. पर्पलवाल्याच्या आणि ब्लूवाल्याच्या स्टुडिओत पलंग, गादी, टीव्ही सारखंच. जादा पैसे जातात ते तारखेसाठी.

पहिली पायरी: घरातलं कॅलेंडर

ब्रोशर बाजूला ठेवा आणि गेल्या तीन-चार वर्षांत घरातली मंडळी खरोखर कुठे, कधी आणि किती रात्री गेली ते कागदावर लिहा. जायचं ठरवलं होतं ते नाही, प्रत्यक्ष गेलात ते. आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो तारखेसकट सांगतील.

बहुतेक मराठी घरांत हा कागद साधारण असा दिसतो: मे महिन्यात चार-पाच रात्री, दिवाळीत फराळ-भाऊबीज उरकून दोन-तीन रात्री, एखादा लांब वीकेंड. गणपतीत गावी. नाताळात मुलांची शाळा कुठल्या बोर्डाची आहे त्यावर. ज्यांच्या सुट्ट्या शाळेला बांधलेल्या आहेत त्यांना व्हाइट किंवा ब्लू जवळपास निरुपयोगी. हवा असलेला मे आणि डिसेंबर बहुतेक ठिकाणी त्या रंगांत येत नाही, आणि जे दिवस येतात तेव्हा सहामाही चालू असते.

आता याच कागदावर मुलांची वयं पुढे सरकवत न्या, कारण हॉलमध्ये हे कुणी करून दाखवणार नाही. धाकटं मूल आठ वर्षांचं आहे. ते अठरा वर्षांचं होईपर्यंत गर्दीच्या सीझनची गरज. त्यातली दहावी आणि बारावीची वर्षं वजा करा, दोन मुलं असतील तर चार. पुढे मूल हॉस्टेलवर जातं, त्याच्या सुट्ट्या त्याच्या मित्रांच्या होतात, आणि तुम्ही दोघंच उरता. तेव्हा तुम्हाला नोव्हेंबरचा मधला आठवडा किंवा फेब्रुवारीतला मंगळवार चालणार असतो, उलट तोच हवाहवासा वाटतो. म्हणजे वरच्या रंगाची खरी गरज सहा ते आठ वर्षांची, आणि पैसे भरलेत पंचवीस वर्षांचे.

त्याउलट निवृत्तीला आलेलं जोडपं. यांना पर्पल विकणं हा मला या धंद्यातला सर्वांत खटकणारा प्रकार वाटतो. शाळा नाही, रजेचा अर्ज नाही, गर्दी तर नकोच. त्यांच्यासाठी खालचा रंगच बरा. आणि तरीही "मुलं-नातवंडं आली की पर्पल लागेल ना काका" या एका वाक्यावर लाख-दोन लाख जास्तीचे काढले जातात. नातवंडं शिकागोत असतील आणि दोन वर्षांतून एकदा येत असतील, तर त्या एका आठवड्यासाठी सरळ हॉटेल बुक करा.

खोलीच्या आकारालाही हाच वयाचा नियम लावा. स्टुडिओत आई-वडील आणि लहान मुलं बसतात, पण किती वर्षांपर्यंत मूल "मूल" धरलं जातं ते विचारा. ते वय उलटलं की तोच चौघांचा संसार नियमात बसत नाही, आणि मोठ्या खोलीच्या अपग्रेडचा फोन येतो.

दुसरी पायरी: सीझन चार्ट मागून घ्या

रंग महिन्याला लागत नाही, रिसॉर्ट आणि आठवडा मिळून लागतो. प्रत्येक रिसॉर्टचा वर्षाचा तक्ता असतो. तो पूर्ण तक्ता मागा, ब्रोशरमधला नमुना नव्हे.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी यात एक मेख आहे. पावसाळा गोव्यात आणि केरळात ऐतिहासिकदृष्ट्या मंदीचा. पण लोणावळा आणि त्याच्या आसपासच्या घाटात जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार म्हणजे जत्रा. गोव्यातलं वार्का आणि मावळातलं तुंगी, दोन्हीकडे क्लब महिंद्राची रिसॉर्ट आहेत, आणि त्याच आठवड्याला दोन्हीकडे मागणी अगदी उलटी असू शकते. तुम्ही प्रामुख्याने गाडीने तीन-चार तासांत पोहोचायच्या ठिकाणी जाणार असाल, तर महाबळेश्वर, लोणावळा, नाशिकच्या बाजूला हातगड अशा जवळच्या पाच-सहा रिसॉर्टचे तक्तेच तुमचे खरे तक्ते. मनालीचा तक्ता कितीही छान असो, विमानाच्या तिकिटांसकट तिकडे किती वेळा जाणार?

आणखी एक विचारा: हा तक्ता बदलायचा अधिकार कंपनीकडे आहे का? करारात बहुधा तसं कलम सापडतं. आज तुमच्या रंगात असलेला आठवडा पुढे वरच्या रंगात गेला, तर तुमच्याकडे तक्रारीला जागा आहे का, ते त्या कलमाच्या शब्दांवर ठरेल.

तिसरी पायरी: हक्क आहे, पण खोली आहे का?

करारात कुठेतरी "उपलब्धतेनुसार" हा शब्द असतो. सगळ्या तक्रारी त्या एका शब्दाभोवती फिरतात. तुमचा रंग पर्पल, तुमच्या सात रात्री शिल्लक, शुल्क भरलेलं, आणि तरीही २५ डिसेंबरच्या आठवड्यात गोव्यात खोली नाही. कंपनीने करार मोडलेला नसतो, कारण अमुक दिवशी अमुक ठिकाणी खोली देऊ असं तिने लिहून दिलेलंच नसतं.

म्हणून बुकिंगची खिडकी किती दिवस आधी उघडते हे दर्जाइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या डिस्ने व्हेकेशन क्लबचं उदाहरण स्वच्छ आहे: ज्या रिसॉर्टचे पॉइंट तुम्ही घेतलेत तिथे ११ महिने आधी बुकिंग करता येतं, इतर रिसॉर्टमध्ये ७ महिने आधी. मधल्या चार महिन्यांत चांगल्या तारखा उचलल्या जातात. आपल्याकडेही योजनेनुसार खिडकी वेगवेगळी असते. तुमच्या दर्जाला ती नेमकी कधी उघडते आणि कुणाला तुमच्या आधी उघडते, हे लेखी घ्या.

एक सोपी परीक्षा सांगतो. हॉलमध्ये बसल्यावर विक्रेत्याला म्हणा, "तुमच्या कुठल्याही सभासदाच्या लॉगिनमधून मला आत्ता मे महिन्याचा दुसरा आठवडा, महाबळेश्वर, एक बेडरूम दाखवा." मग दिवाळीनंतरचा आठवडा. मग पुढचा लांब वीकेंड. समोरचा म्हणेल, सिस्टिम फक्त मेंबरला उघडते. तर मग ओळखीतला एखादा सभासद गाठा आणि त्याच्या घरी बसून पाहा. नुसतं बोलून चालणार नाही, त्याच्या मोबाइलवर अ‍ॅप उघडून स्वतः तारखा टाका. दहा मिनिटांत जे कळेल ते तीन तासांच्या सादरीकरणात कळत नाही. आठवड्याच्या मधल्या रात्री मोकळ्या आणि शुक्रवार-शनिवार भरलेले दिसले, तर तुमची रजा कुठे बसते ते पाहून काय ते ठरवा.

चौथी पायरी: पैशांचा हिशेब

इथे घाई करू नका. हॉलमध्ये एक हिशेब कागदाच्या मागच्या बाजूला भराभरा लिहून दाखवतात. आज तुमचा सुट्टीचा हॉटेलखर्च इतका, दरवर्षी दहा टक्के महागाई, पंचवीस वर्षांत इतके लाख. आणि आमची मेंबरशिप फक्त एवढ्यात. आकडा ऐकून माणूस गार होतो. त्या कागदावर महागाई फक्त हॉटेलला लावलेली असते. मेंबरशिपचं वार्षिक शुल्क, ज्याला तिथे एएसएफ म्हणतात, तेही दरवर्षी वाढतं हे लिहायचं राहून जातं.

आपण आपला हिशेब मांडू. आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, तुमच्या कोटेशनमधले टाका. मेंबरशिप कर धरून ४,५०,००० रुपये, २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री. एकूण १७५ रात्री, म्हणजे रात्रीला सुमारे २,५७१ रुपये. इथपर्यंत स्वस्त वाटतं आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. वार्षिक शुल्क २०,००० धरू, वर १८ टक्के जीएसटी, झाले २३,६००. सात रात्रींत वाटले तर रात्रीला ३,३७१. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी ५,९४३ रुपये रात्र.

आता शुल्क दरवर्षी फक्त पाच टक्के वाढवा. पंचविसाव्या वर्षी ते ७६ हजारांच्या घरात जातं. पंचवीस वर्षांची शुल्काची बेरीज ११ लाख २६ हजार. मूळ किमतीच्या अडीचपट! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. सगळं मिळून १५ लाख ७६ हजार, भागिले १७५, म्हणजे सरासरी ९,००० रुपये रात्र. आणि हे एकही रात्र वाया न जाता. वर्षाला सरासरी चारच रात्री वापरल्या तर हाच आकडा १५,७६० होतो.

मूळ रकमेचं व्याजही धरायला हवं. साडेचार लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २९,२५० व्याज, त्यावर कर लागेल तो वेगळा. त्यात न भरलेलं २३,६०० शुल्क मिळवा: ५२,८५०. सात रात्रींना ७,५५० रुपये रात्र. एवढ्यात पहिल्या वर्षी हॉटेल मिळतं आणि साडेचार लाख तुमचेच राहतात. तुम्ही एरवीही सुट्टीला रात्रीला तीन-साडेतीन हजारांच्या हॉटेलात समाधानी असाल, तर हा हिशेब इथेच मिटला. दहा-बारा हजारांच्या रिसॉर्टमध्येच, तेही गर्दीच्या दिवसांत, दरवर्षी पूर्ण सात रात्री जाणारं कुटुंब असेल, तर मेंबरशिप खरोखर परवडू शकते. मधल्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

रंगाचा हिशेब वेगळा करायचा. समजा पर्पल आणि व्हाइटच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे. गर्दीच्या दिवसांत तुम्ही दहा वर्षं सातही रात्री राहिलात, तर ७० रात्री, म्हणजे रंगापायी रात्रीला २,८५७ जादा. हॉटेलं मे-डिसेंबरमध्ये त्याहून जास्त दर वाढवतात, तेव्हा हरकत नाही. पण प्रत्यक्षात असे चारच आठवडे जमले, तर २८ रात्री आणि रात्रीला ७,१४३ जादा. काही योजनांत वार्षिक शुल्कही रंगाप्रमाणे आणि खोलीप्रमाणे चढं असतं. तसं असेल तर तो फरक सगळ्या वर्षांसाठी मोजा, फक्त वापरलेल्या वर्षांसाठी नाही.

हप्त्यांवर घेत असाल तर "झिरो कॉस्ट" म्हटलेल्या हप्त्याची रोख किंमत विचारा. रोखीला सूट मिळत असेल, तर ती सूट म्हणजेच तुमचं व्याज.

जेवण यात नाही. मेंबरशिप खोलीपुरती. रिसॉर्ट गावाबाहेर असलं की तीन वेळचं तिथेच खावं लागतं, आणि चौघांचं पाच दिवसांचं जेवणाचं बिल वर्षाच्या शुल्काशी शर्यत लावतं. सवय असलेले सभासद थेपले, लाडू-चिवडा, इलेक्ट्रिक किटली आणि उपम्याचं कोरडं पीठ घेऊनच निघतात. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त खोलीत काय चालतं, काय नाही, ते आधी विचारा.

पाचवी पायरी: वरच्या दर्जाच्या सवलती किती मनावर घ्यायच्या

थोडक्यात, फार नाही. स्पावर सूट, जेवणावर सूट, वाढदिवसाचा केक, पहिल्या वर्षीचं मोफत व्हाउचर, परदेशी रिसॉर्टशी अदलाबदल. यातल्या कुठल्या गोष्टी करारात आहेत आणि कुठल्या फक्त ब्रोशरमध्ये, हे पेन्सिलने खुणावून घ्या. ब्रोशरमधल्या सवलती कंपनी कधीही बदलू किंवा बंद करू शकते. अदलाबदलीसाठी त्या जाळ्याची वेगळी वर्गणी आणि प्रत्येक अदलाबदलीचं वेगळं शुल्क लागतं का, तेही विचारा. आरसीआयच्या जुन्या पद्धतीतही आठवड्यांना लाल, पांढरा, निळा असे मागणीचे रंग होते. तुमचा निळा आठवडा देऊन लंडनचा उन्हाळा मिळेल, अशी आशा कुणी दाखवली तर हसून सोडून द्या.

मात्र दोन सवलती खरंच किमतीच्या आहेत. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येणं, आणि बुकिंगची खिडकी लवकर उघडणं. रात्री किती वर्षांपर्यंत साठतात, कमाल किती साठतात, आणि शुल्क थकलं तर साठलेल्यांचं काय होतं, ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय उठू नका.

अमेरिकेत असाल तर

न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातली आपली मंडळी सहसा ऑर्लँडो नाहीतर लास व्हेगासमध्ये सापडतात. स्वस्त खोली किंवा पार्कची तिकिटं, त्याबदल्यात दीड तासाचं सादरीकरण. तिथे दर्जे जास्त उघडपणे पायऱ्यांचे असतात. मॅरियट व्हेकेशन क्लबमध्ये ओनर, सिलेक्ट, एक्झिक्युटिव्ह, प्रेसिडेन्शियल आणि चेअरमन्स क्लब अशा पायऱ्या आहेत, आणि तुमच्याकडे वर्षाला किती पॉइंट आहेत त्यावर पायरी ठरते. पॉइंट जितके जास्त, तितकं दरवर्षीचं देखभाल शुल्कही जास्त. म्हणजे पायरी चढलात की सवलतीसोबत बिलही चढतं.

तिथे दुय्यम बाजारात, म्हणजे कंपनीऐवजी आधीच्या मालकाकडून, टाइमशेअर फार कमी किमतीत मिळतात, कधी नाममात्र डॉलरलाही, कारण मालकाला देखभाल शुल्कातून सुटायचं असतं. पण विंडॅम किंवा हिल्टन ग्रँड व्हेकेशन्ससारख्या योजनांत असे बाहेरून घेतलेले पॉइंट वरच्या दर्जासाठी मोजले जात नाहीत. डिस्नेने १९ जानेवारी २०१९ पासून बाहेरून घेणाऱ्यांवर आणखी बंधन घातलं: जुन्या चौदा रिसॉर्टचे पॉइंट अशा प्रकारे घेतले तर रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये ते चालत नाहीत. माझं मत विचाराल तर दर्जाचा मोह नसलेल्याने बाहेरूनच घ्यावं. दर्जासाठी म्हणून कंपनीकडून घेताना जी हजारो डॉलरची तफावत जाते, ती लाउंजमधल्या कॉफीने भरून येत नाही.

आधीच सभासद असाल तर "ओनर अपडेट"ची चिठ्ठी खोलीत येते. ती वरची पायरी विकण्याची बैठक असते. जायची सक्ती नाही.

सहावी पायरी: सहीच्या आधी आणि सहीनंतरचे दिवस

सादरीकरणाच्या दिवशी सही करायची नाही, हे घरून ठरवूनच निघा. "आजचा भाव उद्या नाही" हे वाक्य येणारच. उद्या फोन करून पाहा, भाव असतो.

कराराची पूर्ण प्रत आणि नियमावली ईमेलवर मागवा. तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन, जसं "मे महिन्यात नक्की मिळेल", "शुल्क फारसं वाढत नाही", "नको झालं तर आम्ही विकून देऊ", हे स्वतः ईमेलमध्ये लिहून विक्रेत्याला पाठवा आणि "हे बरोबर आहे का, कळवावे" एवढंच विचारा. उत्तर न येणं हेही उत्तरच.

सही झाली आणि रात्री झोप उडाली, तर पळायची वाट किती दिवस उघडी असते? युरोपियन युनियनमध्ये २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवस, आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी. फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे कंपनीच्या नियमावलीत जी मुदत असेल तीच. ती मुदत सहीच्या तारखेपासून मोजतात की पहिल्या पैशांपासून, ते बघा. रद्द करायचं असेल तर फोनवर बोलत बसू नका, कारण रिलेशनशिप मॅनेजर गोड बोलून मुदत संपवतो. त्याच दिवशी ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्ही पाठवा.

"परतावा" शब्द ऐकला की उठा

महाराष्ट्रातल्या लोकांनी हे विसरू नये. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलच्या रात्री विकल्या, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, अशी योजना चालवली. सेबीने ती नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५१ लाखांवर. त्यात छोटे दुकानदार, शिक्षक, निवृत्त माणसं होती, आणि एजंट बहुधा ओळखीचा, नात्यातला. सुट्टीची मेंबरशिप सुट्टीच देते. कुणी त्यावर व्याज, बोनस किंवा "सरेंडर व्हॅल्यू" देतो म्हणत असेल, तर तो टाइमशेअर विकत नाहीये.

घेतलेली मेंबरशिप जड झाली तर

शुल्क भरायचं थांबवलं की प्रश्न सुटत नाही. बुकिंग बंद होतं, थकबाकीवर व्याज चढतं, आणि करारानुसार मेंबरशिप रद्द होऊन भरलेले पैसेही जाऊ शकतात. आधी कंपनीला लेखी विचारा: खालच्या रंगात उतरता येईल का, नात्यात हस्तांतर किती शुल्कात होईल, मुदतीआधी सोडल्यास काय परत मिळेल. भाऊ-बहीण किंवा मुलांच्या नावावर करणं हा अनेकदा सर्वांत कमी तोट्याचा मार्ग ठरतो. पुढच्या पिढीला ते खरंच हवं आहे का, एवढं मात्र विचारून घ्या.

"तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणीचे आणि जीएसटीचे पैसे आधी भरा" असा फोन आला, तर तो ठगाचा धरा. तुमचा सभासद क्रमांक आणि रंग त्याला अचूक माहीत असला तरीसुद्धा.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगात तक्रार होते. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तर फीसुद्धा नाही. करारात चेन्नई किंवा दिल्लीचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात दाखल करता येते, आणि लवादाचं कलम असलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. कराराच्या अटीच एकतर्फी आहेत असं म्हणायचं असेल, तर "अनुचित करारा"ची तक्रार जिल्ह्यात नाही, राज्य आयोगात करावी लागते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते. सोबत कराराची प्रत, पावत्या, आणि नाकारलेल्या प्रत्येक बुकिंगचा तारखेसकट स्क्रीनशॉट जोडा.